सहा दिवसांच्या सह्या : मध्याह्न भोजनाबाबत पालक सदस्यांना खुले पत्र

प्रति,
वडोदरा शहरातील महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समित्यांमधील सर्व पालक सदस्य

विषय : मध्याह्न भोजनातील पालकांचा सहभाग आणि त्याबद्दल आपण देत असलेला अभिप्राय

पालक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणातील एका शनिवारी मी माझ्या मुलीच्या शाळेच्या कार्यालयात बसून जेवणाच्या चवीच्या रजिस्टरमध्ये एकाखाली एक अशा सहा सह्या केल्या. सोमवार ते शनिवार असे सहा दिवस, आणि प्रत्येक दिवसापुढे एकाच हाताने, एकाच निळ्या शाईने आधीच लिहून ठेवलेले होते : चव समाधानकारक, स्वच्छता समाधानकारक, प्रमाण पुरेसे. सह्या करायला येईपर्यंत त्या सहा दिवसांत मी शाळेत एकदाही गेले नव्हते आणि तेथील अन्नाचा एक घासही माझ्या तोंडात गेला नव्हता. मला कोणी भरीस घातले असेही नाही. सरांनी चहा मागवला, रजिस्टर पुढे केले, पेन दिले, आणि मी सही केली, कारण आधीच्या पानावरच्या सह्याही माझ्याच होत्या. त्याच रात्री चौथीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने सहज बोलता बोलता सांगितले की मंगळवारची खिचडी अगदी गार होती आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती टाकून दिली. मंगळवारची खिचडी समाधानकारक असल्याचे मी काही तासांपूर्वीच लिहून दिले होते.

शाळेचे नाव मी येथे देत नाही. सही माझी होती, तेव्हा आधी माझ्याबद्दल बोलणे बरे. पण गेल्या काही महिन्यांत इतर शाळांतील पाच-सात पालक सदस्यांशी बोलल्यावर असे लक्षात आले की हा प्रकार एकट्या माझ्याकडून घडलेला नाही, म्हणून हे पत्र खुले.

आपल्यापैकी बहुतेकांना आपण समितीवर का आहोत हे पुरेसे ठाऊक नसते. मलाही नव्हते. मला वाटत होते की स्वातंत्र्यदिनाला खुर्चीवर बसण्यासाठी आणि ठरावावर सही करण्यासाठी आपल्याला बोलावतात. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यातील २१वे कलम वाचल्यावर कळले की समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३चा, आणि त्याखाली मध्याह्न भोजनाचे नियम ३० सप्टेंबर २०१५ रोजी लागू झाले. जेवणाचा दर्जा, स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता आणि एकूण आरोग्यदायी व्यवस्था यांवर देखरेख ठेवण्याचे काम त्या नियमांनी याच समितीकडे सोपवले आहे. म्हणजे आपण पाहुणे नाही. ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला, तेथे मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड भरावा लागे. तेव्हा पालकाचा शाळेशी संबंध यायचा तो असा. आज कायद्याने त्याच पालकाला समितीत बहुमत दिले आहे आणि आपण ते शनिवारी चहाबरोबर संपवून टाकतो.

आता 'समाधान' या शब्दाकडे वळते. पालकांना विचारले की जेवणाबद्दल समाधानी आहात का, तर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. वाडी आणि प्रतापनगरच्या बाजूला राहणाऱ्या, घरकाम किंवा मजुरी करणाऱ्या आया म्हणतात, "चांगलंच आहे हो, मिळतंय ते." दांडिया बाजारातील आमच्यासारख्या घरांत म्हणतात, "आमचा मुलगा तिथलं खात नाही, आम्ही डबा देतो," आणि हे सांगताना आवाजात थोडा अभिमानही असतो. पहिल्या उत्तराला आपण समाधान म्हणतो आणि दुसऱ्याला असमाधान. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे जेवणाबद्दलची नाहीतच. पहिल्या उत्तरात संकोच आहे, कारण फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नावे ठेवू नयेत असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. दुसऱ्या उत्तरात प्रतिष्ठा आहे. दोन्हींपैकी कोणीही ताटातला घास खाऊन बोललेले नसते.

त्या संकोचाबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे. शाळेतील जेवण ही कोणाची मेहरबानी नाही. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. गुजरातने तर त्याच्याही अकरा वर्षे आधी, १९८४ मध्ये, आपली योजना सुरू केलेली होती. पुढे अनेक राज्यांत मुलांच्या हाती शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याचे कोरडे धान्य पडू लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१च्या आदेशाने सांगितले की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातील किमान २०० दिवस शिजवलेले जेवण मिळालेच पाहिजे. २०१३च्या कायद्याने तो हक्क आठवीपर्यंतच्या मुलांसाठी पक्का केला. २०२१ पासून योजनेचे नाव पीएम पोषण असे आहे. नाव बदलले तरी हक्क तोच आहे, आणि हक्काच्या गोष्टीबद्दल "खिचडी गार होती" असे सांगणारी आई कृतघ्न ठरत नाही. हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या शाळेतील निदान चार आयांना समक्ष सांगावे, कारण भिंतीवर लावलेली सूचना वाचून कोणाचाही संकोच जात नाही.

प्रतिष्ठेच्या बाजूने येणारी तक्रार बहुधा चवीची असते. डाळ गोड लागते, वरणभात का नाही, थेपले रोज कोणाला आवडतात. खरे तर बडोद्याच्या मराठी घरातल्या आमटीत गुळाचा खडा पुण्यापेक्षा जरा मोठाच पडतो, त्यामुळे डाळीच्या गोडीबद्दल आपण फार बोलू नये. चव आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाळ गोड असणे ही चव आहे. डाळीत डाळ कमी आणि पाणी जास्त असणे, भाजीत बटाट्याशिवाय काहीच नसणे, पोळी कच्ची असणे, अन्न गार होणे या दर्जाच्या बाबी आहेत. पालक बैठकीत चवीवर अर्धा तास बोलतात आणि दर्जावर कोणी बोलत नाही, याचे एक कारण असे की ताटात किती पडायला हवे हेच आपल्याला माहीत नसते.

ते प्रमाण पाठ करण्याइतके सोपे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल, म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. ही सगळी वजने कच्च्या मालाची आहेत. पहिली ते पाचवीची १०० मुले जेवत असतील तर त्या दिवशी दोन किलो डाळ आणि पाच किलो भाजी शिजलेली असली पाहिजे. धान्य केंद्राकडून येते. डाळ, भाजी, तेल, मसाले आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे असा दर आहे. म्हणजे १०० लहान मुलांसाठी दिवसाला ६७८ रुपये. खंडेराव मार्केटमध्ये पिशवी घेऊन जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीने हा हिशेब एकदा मनाशी करून पाहावा. मी केला, आणि त्यानंतर स्वयंपाकघरावर तोंडसुख घेण्याचा माझा उत्साह बराच कमी झाला. पण त्याच हिशेबामुळे दोन किलोंच्या जागी एकच किलो डाळ आली तर ते ओळखताही येते, आणि तो दर पुरत नसेल तर ही गोष्ट वर कळवणे हेही समितीचेच काम आहे.

पोट भरले म्हणजे झाले, असेही काही पालक म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या जवळपास ८० टक्के बालकांमध्ये रक्ताल्पता आढळली होती. हीच बालके आता आपल्या शाळांच्या खालच्या वर्गांत बसलेली आहेत. त्यांच्या ताटात मेथी, पालक, मोड आलेली कडधान्ये पडतात की नाही, हा प्रश्न भरल्या पोटाने सुटत नाही.

शनिवारच्या त्या सह्यांनंतरच्या आठवड्यात मी ठरवून तीन दिवस मधल्या सुटीत शाळेत गेले. आमच्या शाळेत जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरातून टेम्पोने स्टीलच्या बंद डब्यांत येते. टेम्पो साडेदहाला येतो आणि मधली सुटी पावणेबाराला होते. डबे आले की मोजदादीसाठी आणि चव पाहण्यासाठी सगळ्यांची झाकणे उघडली जात आणि मग ती तशीच तिरकी ठेवली जात. एवढेच कारण. पंखा चालू, झाकणे उघडी, सव्वा तास. मी वाढणाऱ्या बेनना म्हटले की चवीपुरता एकच डबा उघडू या आणि बाकीचे सुटी होईपर्यंत बंदच ठेवू या. त्यांनी लगेच मान्य केले, उलट "बेन, आजवर कोणी विचारलंच नाही," असे म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी खिचडीतून वाफ येत होती. यासाठी अर्ज, तक्रार, अधिकारी, काहीच लागले नाही. लागला तो एका आईचा पाऊण तास, आणि तो मी त्याआधीची दोन वर्षे दिलेला नव्हता.

त्या तीन दिवसांत मला दुसरी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते ती रजिस्टरपेक्षा अधिक खरे बोलते. ती म्हणजे उष्ट्याची बादली. दाळ-ढोकळीच्या दिवशी ती जवळजवळ रिकामी होती. भाजी-थेपल्याच्या दिवशी थेपले संपले होते आणि दुधीची भाजी बादलीत होती. मुले तोंडाने काही सांगत नाहीत, कारण बाई उभ्या असतात. बादलीला कोणाची भीड नसते. रोज किती मुले जेवली आणि बादली किती भरली, पाव, अर्धी की पूर्ण, एवढे दोन आकडे जरी रजिस्टरमध्ये लिहिले गेले, तरी महिनाअखेरीस मेनूतला कोणता पदार्थ बदलायला हवा हे वाद न घालता कळेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न व पोषण हा स्वतंत्र विभाग आहे. तेथील विद्यार्थिनींनी अशा नोंदी वाचायला मदत करावी अशी विनंती आपल्या समित्यांना एकत्रितपणे करता येईल. आपल्याच गावात ही विद्या शिकवली जाते आणि आपल्या मुलांच्या ताटापर्यंत ती पोचत नाही, हे मला फार दिवस खटकते आहे.

चव पाहण्याच्या नियमाला काही जण उपचार समजतात. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका गावात शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे निष्पन्न झाले. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी ते अन्न खाऊन पाहावे या नियमाकडे त्यानंतर देशभर गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. पालक सदस्यांनीही आळीपाळीने चव पाहावी असे मार्गदर्शक सूचनांत म्हटलेले आहे. न खाता केलेली सही त्या नियमाला पोकळ करते, आणि हे मी स्वतःला उद्देशून लिहीत आहे.

मला कल्पना आहे की आपल्यापैकी अनेकांना शाळेत यायला वेळ नसतो. मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळी करणारा बाप सकाळी अकराच्या बैठकीला आला तर त्याची दिवसाची मजुरी जाते, आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईचे एक घर सुटते. अकरा वाजता बैठक ठेवून "पालक येतच नाहीत" असे म्हणणे अन्यायाचे आहे. बैठक संध्याकाळी सहाला ठेवावी, आणि समितीच्या सदस्याची चव पाहण्याची पाळी महिन्यातून एकाच दिवसाची असावी. समितीबाहेरच्या पालकांनाही तीत घ्यावे. वर्गात पस्तीस मुले असतील तर समितीबाहेरच्या एका घराची पाळी वर्षातून एकदाही क्वचितच येईल, कारण शाळेत इतरही वर्ग आहेत. आजी-आजोबा आले तर उत्तमच. घरात सर्वांत चोखंदळ जीभ त्यांचीच असते.

तिथी भोजनाबद्दल लिहिल्याशिवाय बडोद्यातील पालकांच्या सहभागाविषयी लिहिता येणार नाही. ही प्रथा गुजरातमधली, आणि आता पीएम पोषण योजनेतून देशभर तिला उत्तेजन दिले जाते. वाढदिवस, पुण्यतिथी, मुंज, लग्न अशा निमित्ताने कोणीही शाळेतील मुलांना जेवण किंवा एखादा जादा पदार्थ देऊ शकतो. माझ्या सासऱ्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला आम्ही श्रीखंड-पुरी दिली होती. मुले आनंदाने जेवली आणि आम्हालाही बरे वाटले, हे खरे. पण त्या दिवशी आम्ही नऊ जण शाळेत गेलो होतो आणि आमच्यापैकी आठ जण फोटो काढत होते. एका नातेवाइकाने तर मुलांना उभे करून "थँक यू" म्हणायला लावले. तेव्हा मी काही बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते. जी आई-बापे वर्षातून एकदा श्रीखंडाच्या दिवशी येतात, ती उरलेल्या दिवशी खिचडीच्या वेळी येत नाहीत. देणाऱ्यांना माझी विनंती अशी आहे की गोडाऐवजी मटकीची उसळ, भाजलेले शेंगदाणे, केळी किंवा पेरू द्यावेत, मुलांच्या पंगतीत बसून तेच जेवावे, आणि फोन खिशात ठेवावा. शाळांनाही एक सांगायचे आहे : तिथी भोजन ही भर आहे. त्या दिवशी नेहमीचे जेवण वाचले, असा हिशेब कोणी धरू नये.

पालकांचा सहभाग वाढला की सगळे चांगलेच होते, असे मात्र मी म्हणणार नाही. स्वयंपाक कोण करते याची चौकशी जातीसाठी करणारे पालकही असतात, आणि तो प्रश्न ते "स्वच्छता" या शब्दाआड विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितलेले आहे. तरीही २०२१च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवायला वरच्या जातीच्या मुलांनी नकार दिला आणि तिला कामावरून दूर करण्यात आले. नंतर तिला परत घेतले गेले, पण मुलांना तो नकार घरूनच शिकवला गेला असणार यात मला शंका नाही. आपल्या समितीत असा प्रश्न आला तर त्यावर चर्चा करू नये, तो इतिवृत्तात लिहावा आणि विचारणाऱ्याचे नावही लिहावे. माझ्या अनुभवात, इतिवृत्तात नाव जाणार म्हटले की असे प्रश्न आपोआप मागे घेतले जातात.

स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या बेनच्या मानधनाचा विषयही समितीने घ्यावा. केंद्राच्या निकषात ते महिना १००० रुपये आहे, तेही वर्षातील १० महिन्यांसाठी, आणि २००९ पासून तो आकडा हललेला नाही. राज्ये आपापली भर घालतात, तरी तिच्याकडून आपण ज्या काळजीची अपेक्षा करतो तिच्या मानाने ती रक्कम फारच थोडी आहे. आपल्या मुलांच्या ताटाबद्दल बोलताना ताट वाढणारा हात विसरला जातो.

आमच्या समितीने मागच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवल्या आहेत आणि त्या आपल्या माहितीसाठी कळवते. रजिस्टरमधील शेरा ज्याने अन्न खाल्ले त्यानेच, त्याच दिवशी, स्वतःच्या शब्दांत लिहायचा, आणि 'समाधानकारक' हा शब्द वापरायचा नाही. गरम होते, डाळ पातळ होती, मीठ कमी होते, असे लिहायचे. उष्ट्याच्या बादलीची नोंद इयत्ता सातवीतील दोन मुले ठेवतील. पालकांच्या पाळीचे वेळापत्रक मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत फळ्यावर लागेल. यापैकी पहिल्या ठरावाला थोडा विरोध झाला, कारण मोकळा शेरा लिहिला तर वरून विचारणा होईल अशी भीती काहींना वाटली. विचारणा झाली तर उत्तर देण्यासाठी मी येईन, असे मी लिहून दिले आहे.

माझी पुढची पाळी येत्या मंगळवारी आहे, म्हणजे पुन्हा खिचडीचाच दिवस. ज्यांना आपल्या शाळेत असे काही सुरू करायचे आहे त्यांनी आपल्या मुख्याध्यापकांना आधी कळवून सुटीच्या अर्धा तास आधी पोचावे, चप्पल बाहेर काढावी, हात धुवावेत, आणि ताट-चमचा घरून न्यावा. शाळेतली ताटे मुलांपुरतीच असतात.

आपली,
एक पालक सदस्य, वडोदरा